किती तांबडा

पहिल्यांदा वाटलं, रेड ऑक्साईडच.
दिवसभर एका ट्रॉलरच्या बुडाला मारला होता,
हात, कोपरं, लुंगीची कड, सगळं तांबडं.
मोरीत जे सांडलं
तेही बोटांवरूनच ओघळलं असणार.
दुखलं नाही. दुखलं असतं तर बरं झालं असतं.

शालन म्हणाली, "उष्णता झाली असतली.
सोलां भिजत घालतंय, पी."
प्यालो. आठवडाभर पाणी निवळ.
मग एक सकाळ रातांब्याच्या रसासारखी,
आणि त्यात एक गुठळी,
डब्याच्या तळाला रंग सुकून बसतो तशी.

वेंगुर्ल्याच्या बंदरावर चाळीस वर्षं
मी नावांवर नावं लिहितो.
(हा विनोद फक्त मीच करतो.)
ब्रशाला दातांनी टोक काढायचं,
हात थिनरने धुवायचे,
विडी ओढत लांबून बघायचं, काना सरळ आलाय का.
पण घरात महिनाभर त्या दुखण्याला नाव नव्हतं.
"तां" म्हणायचे सगळे. तां कसा आसा आता?

बांबोळीला डॉक्टरीणबाईंनी
नळीच्या टोकाला दिवा लावून आत उतरवला.
पडद्यावर गुलाबी भिंत
आणि तिला पोवळ्यासारखं काहीतरी,
पाण्यात हलत होतं. दिसायला वाईट नव्हतं.
मग विचारलं: काम काय? विडी किती वर्षं?
मी सांगत गेलो, त्या लिहीत गेल्या,
वर एकदाही पाहिलं नाही, तेव्हा कळलं.

पंधरा दिवसांनी केसपेपरच्या पाठीवर त्यांनी पिशवी काढली.
रेघ इतकी वाईट की मी पेन मागून घेतलं.
त्यांनी सांगावं, मी काढावं:
अस्तर, त्याखाली पातळ थर, त्याखाली मांस.
"खरवडून काढलं ते तपासलं. मांसात शिरलेलं नाही."
म्हणजे रंगात आहे, लाकडात नाही?
त्या थांबल्या. "हो. तसंच.
पण रंगातलं पुन्हा उगवतं."
ते मला सांगायला नको.
शिंपं कितीही तासा, पुढच्या साली तिथेच.

शेजारच्या खाटेवर शिरोड्याचा पास्कू.
त्याचं लाकडात शिरलं होतं.
आधी सलाईनमधून औषधं, मग आख्खी पिशवीच काढली.
आता पोटावर बाहेरून पिशवी, तिला तोटी.
"रात्री उठूचा नाय," म्हणाला,
आणि चादर ओढून भिंतीकडे वळला.

मला सहा बुधवार. नळीने आत लस सोडतात,
बाळांच्या दंडाला टोचतात तीच.
दुबळे केलेले जंतू बघून अंगातले राखणदार उठतात म्हणे.
मला बंदरावरची कुत्री आठवली:
एक परकं मांजर दिसलं की सगळी जागी,
आणि मग खऱ्या चोरालाही धरतात. कधीकधी.

दोन तास धरून ठेवायचं.
पाव तास पाठीवर, मग उजव्या कुशीवर, डाव्या, पालथं,
सगळीकडे सारखा हात बसावा म्हणून.
घरी येऊन बसून करायचं, वरून ब्लीच ओतायचं,
पंधरा मिनिटं थांबायचं.
शालन दाराबाहेर घड्याळ घेऊन.
चौथ्या बुधवारी ताप, आणि अशी आग
की मी आईला हाक मारली.
ती गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो.

आता दर तीन महिन्यांनी दिवा आत.
दोनदा साफ. तिसऱ्यांदा एक ठिपका; खरवडला.
पुन्हा बुधवार.

काल दिगा, माझा पोरगा हाताखालचा,
ब्रश दातांत धरून होडीवर वाकला होता.
काढ तो, म्हटलं.
"कशाक?"
आणि मी नाव घेतलं, पुरं, मात्रा-वेलांटीसकट:
मुताच्या पिशवीचा कॅन्सर.
बर्फाचं मशीन नेमकं तेव्हाच बंद पडलं.
मूत म्हटल्यावर कुणीतरी हसलं, मग गप्प झालं.
दिगाने ब्रश काढला, थुंकला.
"दुखता काय?"
नाय. तांच तर.

संध्याकाळी डबे आवरताना
जाळ्यांच्या ढिगामागून आंतोन आला.
इकडेतिकडे बघितलं. विडी विझवली.
"लवू," म्हणाला हळूच,
"तांबडा म्हणजे... किती तांबडा?"